संगणकाचा ताप आणि बोटभर लेप : थर्मल पेस्ट केव्हा बदलावी?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरचाच लेख येईल, अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे हाच विषय शिकविला, त्यामुळे ती समजूत चुकीची म्हणता येत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थी वा पालक भेटले की एक वेगळाच प्रश्न आमच्यासमोर येतो. ‘सर, घरचा संगणक दुपारी आपोआप बंद पडतो. दुकानदार म्हणतो पेस्ट बदला. दुसरा म्हणतो पेटीच बदला. काय करावे?’ इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न का विचारला जातो, याचे उत्तर आपल्या शाळेच्या संगणक कक्षात घडलेल्या एका प्रसंगात आहे. तो प्रसंग सांगून त्या निमित्ताने थर्मल पेस्ट म्हणजे काय, ती केव्हा बदलावी आणि केव्हा बदलू नये, याचे विवेचन या लेखात करण्याचा विचार आहे.

प्रसंग

आपल्या संगणक कक्षात १४ यंत्रे आहेत. त्यांतील बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आलेली, कुठल्या ना कुठल्या कार्यालयात आपले पहिले आयुष्य संपवून आपल्याकडे दाखल झालेली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा आठवडा चालू होता. वसतिगृहातील मुलामुलींची रांग लागलेली असे, आणि नेमके दुपारी दोन वाजल्यानंतर एकेक यंत्र डोळे मिटू लागे. अर्ज अर्धा भरून झालेला असताना पडदा काळा होई, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागे. एका मुलीचा अर्ज तीनदा असा वाया गेला. तिच्या घरी वीटभट्टीवरचे काम. ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर तिचे पुढचे वर्ष कसे गेले असते, हे आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शहरातील एका दुकानदाराला बोलाविले. त्याने कक्षात एक फेरी मारली, एकही पेटी उघडली नाही, आणि सहा यंत्रे निकामी झाली असून ती बदलावीत असा निवाडा दिला. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या ग्रंथालयाच्या त्या वर्षीच्या तरतुदीएवढी होती. म्हणजे संगणक हवेत की पुस्तके, असा पेच उभा राहिला.

त्याच रविवारी आपला एक माजी विद्यार्थी पुण्याहून गावी आला होता. संगणक दुरुस्ती हाच त्याचा व्यवसाय. आम्ही निरोप धाडला, तो पाठीवरची पिशवी घेऊन आला, आणि पहिली पेटी उघडताच म्हणाला, ‘सर, हे यंत्र मेलेले नाही, गुदमरलेले आहे.’ सायंकाळपर्यंत त्या सहा यंत्रांचा हिशेब लागला. तीन यंत्रांत केवळ धूळ होती. एकात कूलरची एक खुंटी सुटलेली होती. एकात पेस्ट खरोखर वाळलेली होती. आणि एका यंत्राचा मदरबोर्ड गेलेला होता, त्याला इलाज नव्हता. सहापैकी पाच यंत्रे त्याच रात्री चालू झाली. त्या मुलीचा अर्ज मुदतीच्या आत गेला.

त्या दिवशी आम्ही त्याच्या शेजारी बसून जे शिकलो, आणि पुढे स्वतः चुका करून जे शिकलो, तेच येथे मांडीत आहोत.

उष्णता आली कोठून?

विदर्भात ‘कूलर’ म्हटले की खिडकीला लावलेला वाळ्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो. संगणकाच्या पेटीतही एक कूलर असतो. प्रोसेसर नावाच्या चौकोनी चकतीवर बसविलेला, पातळ धातूच्या पाकळ्यांचा एक ठोकळा आणि त्यावर एक लहान पंखा, असे त्याचे रूप. ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात.

हा कूलर पूर्वी नव्हता. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ हा प्रोसेसर बाजारात आणला, त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला कुठल्याही पंख्याची गरज नव्हती. पुढे ट्रान्झिस्टरांची संख्या व वेग वाढत गेला, तशी वीज अधिक लागू लागली. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ जातीचे काही प्रोसेसर ११५ वॉटपर्यंत पोहोचले. उष्णता आवरेना म्हणून इंटेलला त्याच वर्षी आपला पुढचा प्रोसेसर रद्द करून वेगळी वाट धरावी लागली. राजवटी जशा खजिना रिता झाला की दिशा बदलतात, तशी या उद्योगाने उष्णतेपायी दिशा बदलली. आज घरात वा शाळेत असतो तो साधा प्रोसेसर बहुधा ६५ वॉटच्या श्रेणीतला असतो. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब पेटल्यावर त्याला बोट लावता येत नसे. तेवढीच उष्णता येथे अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात निर्माण होते. ती क्षणोक्षणी वाहून नेली नाही, तर यंत्र चालणे अशक्य.

पेस्टचे काम

प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचे झाकण असते, आणि त्यावर कूलरचा धातूचा तळ बसतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे गुळगुळीत दिसतात. प्रत्यक्षात ते सूक्ष्म उंचवटे व खळगे यांनी भरलेले असतात. एकमेकांवर ठेवले की ते काही ठिकाणीच टेकतात, आणि उरलेल्या जागेत हवा अडकते. हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. शास्त्रज्ञ वापरतात त्या एककात तांब्याची उष्णतावहनक्षमता सुमारे ४००, साध्या चांगल्या पेस्टची ४ च्या आसपास, आणि हवेची अवघी ०.०२६ इतकी भरते. म्हणजे पेस्ट ही हवेपेक्षा दीडशे पट सरस, पण तांब्यापेक्षा शंभर पट निकृष्ट.

या एका वाक्यात पेस्टचे सारे शास्त्र सामावलेले आहे. पेस्टचे काम हवा हुसकून लावण्याचे, धातूची जागा घेण्याचे नव्हे. गवंडी दगडी भिंतीच्या दर्जा भरतो, तसे हे काम आहे. दगड चांगला घडविलेला असेल तर चुना थोडा पुरतो. चुन्याचा जाड थर हे कसबाचे लक्षण नव्हे.

जाडीचा हा नियम फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने १८२२ साली उष्णतेवरील आपल्या ग्रंथात मांडला. हा फूरिये नेपोलियनसोबत इजिप्तच्या मोहिमेवर गेलेला विद्वान, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही तो परका नाही. थर जितका जाड, तितकी उष्णतेला पलीकडे जाण्यासाठी तापमानातील तफावत अधिक लागते, असा त्या नियमाचा साधा अर्थ. आम्ही फळ्यावर हिशेब करून पाहिला. झाकण ३ सेंटिमीटर लांब व ३ सेंटिमीटर रुंद, उष्णता ६५ वॉट, पेस्टचा थर एका मिलिमीटरचा विसावा भाग. या थरापायी तापमान वाढते केवळ एक अंश. तोच थर अर्धा मिलिमीटर झाला तर नऊ अंश. आणि तेथे पेस्टऐवजी विसाव्या भागाएवढी निव्वळ हवा असती, तर तफावत १३० अंशांच्या वर गेली असती. प्रत्यक्षात धातू काही बिंदूंवर टेकलेला असतो, आणि उष्णता झाकणाच्या मध्यातून अधिक येते, म्हणून आकडे थोडेफार बदलतात. परंतु पेस्ट का हवी आणि ती पातळ का हवी, हे त्यावरून ध्यानात यावे.

ही पेस्ट बहुधा पांढरी वा राखाडी असते. सिलिकोनसारख्या तेलात झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखी अतिशय बारीक भुकटी मळून ती तयार करतात. झिंक ऑक्साइड हेच त्वचेच्या मलमांतही असते. काही पेस्टमध्ये चांदीची भुकटी असते. गॅलियमच्या मिश्रधातूची ‘लिक्विड मेटल’ म्हणून जी मिळते, ती वीजवाहक असते आणि ॲल्युमिनियमला खाऊन टाकते, म्हणून शाळेत वा घरी तिच्या वाटेला जाऊ नये.

पेस्ट म्हातारी कशी होते?

दोन कारणे मुख्य आहेत. पहिले म्हणजे तेल हळूहळू वेगळे होऊन बाहेर झिरपते आणि भुकटी कोरडी पडते. लोण्यासारखी असलेली पेस्ट मग जुन्या भिंतीवरून सुटणाऱ्या चुन्याच्या पोपड्यांसारखी होते. दुसरे कारण कमी परिचित आहे. यंत्र तापते तेव्हा धातू किंचित प्रसरण पावतो, थंड झाले की आकुंचन पावतो. दिवसातून अनेकदा होणाऱ्या या हालचालीने पेस्ट मधून थोडी थोडी कडेला ढकलली जाते, आणि जेथे तिची सर्वाधिक गरज तेथेच पोकळी निर्माण होते. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर बहुधा धातूचे झाकण नसते, उघड्या लहानशा सिलिकॉनवरच कूलर बसतो. म्हणून तेथे हा प्रकार लवकर घडतो.

मग ती टिकते किती वर्षे? याचे एकच उत्तर नाही. काही उत्पादक आपली पेस्ट आठ वर्षे टिकते असे सांगतात. साध्या वापराच्या टेबलावरील संगणकात चार-पाच वर्षे निश्चिंत जावीत, लॅपटॉपमध्ये दोन-तीन वर्षांनी तपासणी करावी, असा ढोबळ अंदाज व्यवहारात धरला जातो. परंतु वाचकांनी हा अंदाज तपासणीची आठवण म्हणून वापरावा. बदलण्याचा आदेश म्हणून वापरू नये. तिथी उजाडली म्हणून पेस्ट बदलणे हे पुराव्याविना निकाल देण्यासारखे आहे.

संशयित अनेक, दोषी एक

संगणक तापतो तेव्हा पेस्टवर आळ घेण्याची घाई होते. आपल्या सहा यंत्रांपैकी पेस्टचा दोष एकाच यंत्रात होता, हे येथे पुन्हा आठवावे. पेस्टपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली धूळ. हीटसिंकच्या पाकळ्यांमध्ये धुळीची गोधडी विणली जाते आणि पंख्याची हवा आत शिरतच नाही. आपल्या शाळेचे मैदान मातीचे आणि खिडक्या उघड्या, त्यामुळे आपल्याकडे हा पहिला संशयित. मऊ कुंचल्याने व ब्लोअरने धूळ काढावी. काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो भरधाव फिरू देऊ नये.

दुसरा पंखा. तो फिरतो का, अडखळतो का, करकरतो का, हे पेटी उघडून डोळ्यांनी पाहावे.

तिसरी खुंटी. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसोबत येणारा कूलर प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांनी मदरबोर्डवर बसतो. त्यांतील एक जरी सुटली तरी तळ एका बाजूने उचलला जातो. पेस्ट कितीही उत्तम असली तरी मग तिचा उपयोग नाही.

चौथी जागा. पेटी भिंतीला चिकटवून वा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेली असते, आणि बाहेर टाकलेली गरम हवा तीच पुन्हा आत ओढते.

पाचवा भार. यंत्रात व्हायरस शिरला असेल वा अनेक कार्यक्रम एकदम चालू असतील, तर प्रोसेसर रिकामा दिसत असूनही राबत असतो. टास्क मॅनेजर उघडले की हे कळते.

आणि तापमान ठीक असूनही यंत्र झटकन बंद पडत असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर घ्यावा. तेथे पेस्टचा काहीच संबंध नाही.

पुरावा कसा गोळा करावा?

प्रोसेसरच्या आत तापमान मोजण्याची सोय असतेच. संगणक सुरू होताना बायोसमध्ये ते दिसते, आणि कोअर टेम्प वा एचडब्ल्यूमॉनिटर यांसारख्या मोफत कार्यक्रमांतून चालू यंत्रातही पाहता येते. नुसते बसून असताना ३५ ते ५० अंश, आणि भरपूर काम चालू असताना ६० ते ८० अंश सेल्सियस हे सामान्य समजावे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणून ‘संगणक हळू झाला’ ही तक्रार पुष्कळदा तापाचीच असते. साधे काम करताना आकडा वारंवार ९० च्या वर जात असेल, तर दुर्लक्ष करू नये.

मात्र एकट्या आकड्यावरून निकाल देऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच तापणार. म्हणून खोलीचे तापमान वजा करून उरणारी तफावत पाहावी. आमच्या नोंदवहीतील ७ क्रमांकाच्या यंत्राचे उदाहरण देतो. जून महिन्यात खोली ३४ अंश, तेच ठरलेले काम दहा मिनिटे केल्यावर प्रोसेसर ६२, तफावत २८. पुढील वर्षीच्या डिसेंबरात खोली २४, प्रोसेसर ७१, तफावत ४७. थंडीत कोणाचीच तक्रार नव्हती, पण वही सांगत होती की काहीतरी बिघडले आहे. धूळ काढल्यावर तफावत ४४ झाली, म्हणजे धूळ मुख्य दोषी नव्हती. चारही खुंट्या पक्क्या होत्या. पेस्ट बदलल्यावर तफावत २७ वर आली. आता मात्र पेस्टवरचा आरोप सिद्ध झाला.

याखेरीज आमच्या विद्यार्थ्याने शिकविलेली एक साधी परीक्षा आहे. प्रोसेसर तापलेला दिसत असताना यंत्र बंद करून, वायर काढून, हीटसिंकच्या पाकळ्यांजवळ हळूच बोट न्यावे. पाकळ्याही चांगल्याच गरम असतील, तर उष्णता प्रोसेसरकडून कूलरपर्यंत पोहोचते आहे. अडचण पुढे, म्हणजे धुळीत वा पंख्यात आहे. पाकळ्या जेमतेम कोमट असतील आणि प्रोसेसर मात्र पेटलेला असेल, तर उष्णता दोघांच्या मधल्या सांध्यातच अडली आहे. तेथे पेस्ट वा खुंटी दोषी. असाच फरक वेळेतही दिसतो. काम सुरू करताच काही सेकंदांत आकडा उसळी घेतो आणि थांबताच खाली येतो, तेव्हा सांधा तपासावा. आकडा दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत जातो, तेव्हा हवा तपासावी.

मग केव्हा बदलावी?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल.

कूलर कोणत्याही कारणाने एकदा उचलला, की पेस्ट बदललीच पाहिजे. येथे अपवाद नाही. जुना थर दोन्हीकडे फाटून येतो आणि पुन्हा दाबल्यास मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. हा धडा आम्ही आमच्या चुकीतून घेतला. विद्यार्थी पुण्याला परत गेल्यावर उत्साहाच्या भरात आम्ही उरलेल्या आठ यंत्रांपैकी दोन यंत्रांचे कूलर ‘पाहू तरी’ म्हणून काढले आणि जसेच्या तसे बसविले. ती दोन्ही यंत्रे तोवर उत्तम चालत होती. दुसऱ्याच दिवसापासून ती तापू लागली. फोनवर त्याने विचारले, ‘सर, पेस्ट नवी लावली ना?’ आम्ही गप्प राहिलो. त्या रविवारी एकच यंत्र पेस्टमुळे आजारी निघाले होते, त्यानंतरची ही दोन आम्ही स्वतः आजारी पाडली.

दुसरा प्रसंग म्हणजे धूळ, पंखा, खुंटी, जागा व भार हे सारे तपासूनही तफावत पूर्वीपेक्षा ठळकपणे, म्हणजे दहा अंश वा त्याहून अधिक वाढलेली असेल तेव्हा.

तिसरा प्रसंग म्हणजे जुने यंत्र विकत वा देणगी म्हणून घेतले, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, आणि तापमान संशयास्पद आहे.

आणि केव्हा बदलू नये? तापमान स्थिर आहे तेव्हा. कडेला सुकलेली पेस्ट दिसली तरी मधली तशीच आहे असे होत नाही, म्हणून केवळ कडा पाहून घाबरू नये. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर पेटी उघडण्यापूर्वी हमीपत्राच्या अटी वाचाव्यात. नव्या यंत्रासोबत आलेल्या कूलरच्या तळाला बहुधा पेस्ट आधीच लावलेली असते, तिच्यावर आणखी पेस्ट चढवू नये. प्रत्येक वेळी कूलर काढण्यात काही ना काही जोखीम असते, हे विसरू नये.

कृती

यंत्र दहा मिनिटे चालवावे, म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते. नंतर बंद करून वायर काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. पंख्याची तार सोडवावी. खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढाव्यात. कूलर सरळ उपटू नये. डावी-उजवीकडे किंचित फिरवून सैल करावा व मग उचलावा. एएमडीच्या ज्या प्रोसेसरांना खाली बारीक पिना असतात, ते घाईने ओढल्यास कूलरसोबत उपटून येतात आणि पिना वाकतात.

धागे न सुटणारे कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसावेत आणि वाळू द्यावेत. पाणी, रॉकेल वा पेट्रोल वापरू नये. झाकणाच्या मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी पेस्ट ठेवावी. बोटाने पसरविण्याची गरज नाही, कूलरच्या दाबाने ती स्वतः पसरते. कूलर सरळ खाली टेकवून समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबाव्यात, आधी एक कर्ण, मग दुसरा. चारही ‘टक्’ असा आवाज करून बसल्या की नाही, हे मदरबोर्डच्या मागून पाहावे. पंख्याची तार पुन्हा जोडण्यास विसरू नये.

पेस्टऐवजी टूथपेस्ट लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. तिच्यातील पाणी थोड्याच दिवसांत उडून जाते आणि उरते ती पांढरी खडू. जुन्या नळीतील तेल वेगळे झालेले दिसल्यास ती नळीही टाकून द्यावी. लॅपटॉपच्या बाबतीत आमचा सल्ला जाणकाराकडे जाण्याचाच आहे. त्यात इतर चिपांवर रबरासारखे पॅड असतात, त्यांची जाडी ठरलेली असते, आणि पॅडच्या जागी पेस्ट भरली तर कूलर नीट टेकत नाही.

शेवटी एक विनंती

या पेस्टची लहान नळी काही शे रुपयांत मिळते आणि अनेक यंत्रांना पुरते. नवे यंत्र घेण्यास अनेकांच्या घरी काही महिन्यांची कमाई लागते. या दोन रकमांमधले अंतर हे बहुतेक वेळा केवळ माहितीचे अंतर असते, आणि ज्याच्याकडे माहिती नाही त्याच्याकडूनच ते वसूल होते. म्हणून पालकांनी ‘यंत्र गेले’ हा निकाल ऐकताच मान्य करू नये. पेटी उघडून दाखवा, तापमान किती ते सांगा, धूळ काढल्यावर किती झाले ते सांगा, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रामाणिक कारागीर त्यांची उत्तरे आनंदाने देतो.

आता आपल्या कक्षात दाराजवळ एक वही टांगलेली आहे. दर जून व डिसेंबरमध्ये नववीची मुले प्रत्येक यंत्राची नोंद घेतात. यंत्र क्रमांक, दिनांक, खोलीचे तापमान, कामाच्या वेळचे तापमान, तफावत, धूळ कधी काढली, पेस्ट कधी बदलली. इतिहासाच्या तासाला साधन म्हणजे काय हे समजावताना आम्ही हीच वही पुढे ठेवतो. ज्यांची नोंद नाही त्यांच्याविषयी कोणीही काहीही सांगू शकतो, हे मुलांना तिच्यावरून लवकर कळते.

माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच की, शाळेला जुना संगणक पाठविताना पेस्ट शेवटची केव्हा बदलली ते एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आत चिकटवावे. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे लिहावे, तीही नोंदच आहे. त्या वर्षी वाचलेल्या तरतुदीतून घेतलेली पुस्तके ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटात आहेत. वर्धापनदिनी आपण याल तेव्हा ती अवश्य पाहावीत, आणि शेजारच्या कक्षात जाऊन वहीही चाळावी.